कमळजेचे सरोवर आणि आपले शेततळे
नवरात्रात ज्या कमळजा देवीला बुलढाणेकर हात जोडतात, तिचे स्थान लोणार सरोवराच्या काठी. त्या खारट पाण्यात निळे-हिरवे शेवाळ स्वभावतःच नांदते. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तेच पाणी गुलाबी झाले होते. तेथे हा निसर्गक्रम होय. शेततळ्यावर मात्र तशी हिरवी साय दिसताच आम्ही सावध होतो. खतातील स्फुरद, शेण आणि (श्रद्धेनेच सोडलेले) निर्माल्य यांवर ते शेवाळ पोसते. त्याच्या काही जाती विषारी. असे पाणी पिऊन गुरे दगावू शकतात. साय धरल्यावर औषध मारणे तर अधिकच घातक, कारण मरता मरता शेवाळ आपले विष पाण्यात सोडते. म्हणून काठाने गवताचा पट्टा राखावा, गुरे तळ्यात न उतरवता हौदावर पाजावी आणि घटाचे निर्माल्य झाडाच्या आळ्यात अर्पावे.