स्कॉटांचा सैतान आणि खंडाची पावती

सैतान म्हटलं की आपल्याकडचे समीक्षक मिल्टन आणि गटे यांच्याकडे धाव घेतात. तो सैतान भव्य, त्याच्याशी बोलायलाही पदवी हवी. स्कॉट बोलीतला ‘डील’ त्या पंगतीतला नव्हे. त्याला लोक ऑल्ड निक म्हणतात, ऑल्ड हॉर्नी म्हणजे म्हातारा शिंगवाला म्हणतात, ऑल्ड क्लूटी म्हणजे म्हातारा खूरवाला म्हणतात. पत्त्यांचा जोड ही त्याची पोथी, चतुर त्याची रफू करायची सुई, पावसाळी भुईछत्र्याची वाळून धूर सोडणारी गोटी ही त्याची तपकिरीची डबी. तेराला ‘सैतानाचं डझन’ म्हणायचं. ‘अजिबात नाही’ असं ठासून सांगायचं तरी त्याचंच नाव घ्यायचं. इतका घरचा सैतान मला दुसऱ्या कुठल्या भाषेत भेटलेला नाही.

हा घरोबा आला कुठून? ख्रिस्तपूर्व शिंगवाल्या देवांचा हा उरलासुरला अंश, असं म्हणणारा एक पंथ आहे. आपल्याकडचे काहीजण तर त्याला थेट आपल्या वेताळाशेजारी नेऊन बसवतात. कोकण-गोव्यात वेताळाला देऊळ आहे, मान आहे, नवस आहेत. डीलला यातलं काय आहे? माझं म्हणणं मी जुनंच पुन्हा मांडतो: स्कॉट विनोदातला सैतान हा देवाचा नव्हे, मालकाचा भाऊबंद आहे. जमीनदार, पाद्री, वकील, जकातवाला यांच्या घोळक्यात त्याला शोधा, हटकून सापडेल.

पुरावा शेतातला घ्या. ‘गुडमन्स क्रॉफ्ट’ नावाची चाल होती. गुडमन म्हणजे घरधनी, कुळवाडी. वावरातला एक तुकडा नांगर न लावता त्या भल्या गृहस्थासाठी सोडून द्यायचा. १५९४ साली चर्चच्या महासभेने या चालीवर हत्यार उपसलं. सभेला त्यात सैतानपूजा दिसली. मला खंड दिसतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचा वाटा आधीच काढून ठेवायचा, आणि नाव घ्यायचं ते आदराने.

जादूटोण्याच्या खटल्यांचा काळ मी उरकून टाकतो. १५६३चा कायदा, नॉर्थ बेरिकचे खटले, राजा सहाव्या जेम्सचा १५९७चा ग्रंथ, आरोपी झालेली सुमारे ३,८०० माणसं. यावर चिकार लिहून झालं आहे आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. एवढंच पाहा, की नॉर्थ बेरिकच्या कबुलीजबाबातही सैतान चर्चमध्ये उभा राहून प्रवचनच देतो.

म्हणी मात्र सोडवत नाहीत. डेव्हिड फर्ग्युसन या पाद्र्याचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर १६४१ साली निघाला, जेम्स केलीचा १७२१ साली, कवी ॲलन रॅम्झीचा १७३७ साली. सैतानाबरोबर जेवायला लांब चमचा लागतो, ही म्हण सगळ्या युरोपची. स्कॉटांनी तिच्यातून सैतान काढून फाइफ परगण्याचा माणूस बसवला. डील आणि डीन (चर्चचा बडा अधिकारी) एकाच अक्षराने सुरू होतात, डीलने डीनला उचललं की चर्चला बरे दिवस येतील, असंही म्हणतात; आणि ही माणसं रविवारी त्याच चर्चमध्ये मुकाट बसत.

बर्न्स सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून दोनच गोष्टी. ‘टॅम ओ शांटर’मध्ये ॲलोवेच्या पडक्या चर्चमध्ये सैतान पाइप वाजवतो आणि चेटकिणी नाचतात. तिथल्या मेजावरच्या भीषण वस्तूंत वकिलांच्या जिभा आणि पाद्र्यांची काळजंही होती. टायटलर नावाच्या वकिलाच्या सल्ल्यावरून बर्न्सने त्या ओळी गाळल्या. म्हणजे मर्मावरच कात्री! दुसरी गोष्ट: सैतान जकातवाल्याला पळवून नेतो आणि गाव आनंदाने नाचतं, हे गाणं बर्न्सने १७९२च्या सुमारास लिहिलं, तेव्हा तो स्वतः जकात खात्यात नोकरीला होता.

पण खरा खजिना १८२४ सालचा. त्या एका वर्षी दोन कादंबऱ्या निघाल्या आणि दोहोंच्या पोटात बोलीतली एकेक सैतानकथा. वॉल्टर स्कॉटच्या ‘रेडगॉन्टलेट’मध्ये विली नावाचा आंधळा फिडलवाला आपल्या आजोबाची, स्टीनीची, गोष्ट सांगतो. स्टीनी खंड घेऊन वाड्यावर जातो. पैसे मालकासमोर ठेवले, पावती व्हायची, तेवढ्यात मालक तडफडून मरतो आणि थैली गायब होते. नवा मालक म्हणतो, पावती दाखव नाहीतर जमीन सोड. बेजार स्टीनीला रानात एक घोडेस्वार भेटतो. तो त्याला नेतो तो मेलेल्या मालकाच्या दरबारात. तिथे मेजवानी चालू आहे, आणि जेवायला बसलेत ते गोरगरिबांचा धर्मापायी छळ केलेले सगळे सरदार. देखणा क्लॅव्हरहाउस एका हाताने आपली जखम झाकून बसला आहे. त्याला चांदीची गोळी लागली होती, असं लोक मानत. स्टीनीला वाजवायला पाइप देतात, त्याची नळी तापून पांढरी झालेली. तो हात लावत नाही, खात नाही, पीत नाही. मला माझी पावती द्या, एवढंच म्हणतो. पावती मिळते, तारीख आदल्या दिवसाची, ठिकाण ‘माझी नेमलेली जागा’. आणि थैली? ती मालकाच्या माकडाने लांबवलेली असते. नरकात जाऊन कुळ मागतं काय, तर खंड भरल्याचा कागद! जगातली कुठलीही सैतानकथा मी या गोष्टीवरून ओवाळून टाकीन.

दुसरी जेम्स हॉगची. हा मेंढपाळ. त्याच्या कादंबरीत ऑख्टरमक्टी गावी एक परका पाद्री असं प्रवचन देतो की अख्खं गाव वेडं होतं. रॉबिन रथवेन पुढे होऊन त्याच्या झग्याचा घोळ उचलतो, तर खाली दुभंगलेले खूर! त्यानंतर म्हणे त्या गावात कुणाच्याच प्रवचनाची डाळ शिजेना. स्टीव्हन्सनची ‘थ्रॉन जॅनेट’ (१८८१) भीतिदायक आहे, बोलीही अस्सल, पण तिथून हसू निघून गेलं आहे. तिला डोक्यावर घेणाऱ्यांशी माझं जमत नाही.

हा सैतान आपल्याकडे यायला वाट होती. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन स्कॉटलंडच्या सीमाभागातले, लॉडरचे. मायकेल स्कॉट या मांत्रिकाने सैतानाकडून आयल्डन टेकडीचे तीन तुकडे करवले आणि मग त्याला वाळूचे दोर वळायला बसवलं, ही कथा त्याच मुलखातली. १८२९ साली विल्सन मुंबईत आले, आपल्या पंडितांशी त्यांनी जाहीर वाद घातले. पण मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यातून आपल्यापर्यंत आला तो बायबलमधला सैतान. आयल्डनचा हमाल तिकडेच राहिला. आमच्या इंग्रजीच्या वर्गांनीही पुढे शंभर-दीडशे वर्षं मिल्टनच गिरवला.

आणि आज? २०११च्या जनगणनेत पंधरा लाखांवर माणसांनी आपल्याला स्कॉट बोलता येतं असं सांगितलं, २०२५ साली कायद्याने भाषेला दर्जाही दिला. सैतानाचे हाल मात्र विचारू नका. एडिनबरोत रात्रीच्या भुताटकी-फेऱ्यांत तो पर्यटकांना तिकीट लावून दाखवतात. हॅलोवीनला सलगम कोरायचे दिवस गेले, भोपळा आला. नव्या लेखकांच्या हाती तो मनाचा अंधार, दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व वगैरे होऊन बसला आहे. हॉगवर तर या मनोविश्लेषणवाल्यांनी कब्जाच केला आहे. जमीन अजूनही मूठभरांच्या हाती आहे, स्कॉटलंडच्या खेड्यांतली निम्म्याहून अधिक खाजगी जमीन पाचशेहून कमी मालकांकडे असल्याचं तिथले अभ्यासक सांगतात. अशा मुलखात आजच्या स्टीनीला पावती आणायला खाली धाडावं, हे एकाही कादंबरीकाराला सुचू नये?