‘जाऊन राहिला’ म्हणजे गेला का?

‘मुलगा पुण्याला जाऊन राहिला.’ हे वाक्य सदाशिव पेठेत ऐकलं, तर मुलगा पुण्यात पोचून बिऱ्हाड मांडून बसलेला असतो. नागपूरच्या महालात ऐकलं, तर गडी अजून वाटेतच आहे!

आमच्या या ‘करून राहिलो’ला पुण्या-मुंबईकडची मंडळी हमखास हसतात. हिंदीची उसनवारी, म्हणून अशुद्ध, हा शेरा ठरलेला. हिंदीचा शेजार खराच. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं ते मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताचं. पण हिंदीत नुसतं ‘खा रहा’; आम्ही ‘खाऊन राहिला’ म्हणतो. त्यातला ‘ऊन’ अस्सल मराठी आहे.

मुळात क्रियापद सांगतं तरी काय? अमेरिकन तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९६७ साली मांडलं, की क्रियेचं वाक्य एका घटनेविषयी बोलतं. ‘काल संध्याकाळी बर्डीवर घाईघाईने संत्री घेतली’ यातले काल, बर्डी, घाई हे सारे त्या एका घेण्याचेच तपशील. एकेक काढून टाका, उरलेलं वाक्य खरंच राहतं. आपल्या यास्काचार्यांनी तर फार पूर्वी ‘निरुक्ता’त म्हणून ठेवलंय, की आरंभापासून शेवटापर्यंत चाललेली क्रिया हे क्रियापदाचं क्षेत्र.

गंमत आहे ती शेवट व्हायच्या आतच बोललं, तर. कुणी ‘चालून राहिला’, तर तो थोडाफार चालला हे नक्की. पण ‘घर बांधून राहिला’ यावरून घर बांधलं असं ठरत नाही. जोत्यावरच काम थांबलेली घरं काय कमी आहेत! शेवट पोटातच असलेली क्रियापदं आणि नसलेली, हा भेद झेनो वेंडलर यांनी १९५७ साली नीट मांडला. आम्ही बँकवाले तो काउंटरवर शिकलो. थकलेल्या हप्त्याची विचारणा केली, की कर्जदार शांतपणे म्हणायचा, ‘भरून राहिलो ना साहेब!’ स्लिप हातात, पैसे खिशात. वाक्य खोटं म्हणता येत नसे, आणि लेजरमध्ये तर फक्त ‘भरले’लाच जागा.

इकडची मुलं पुण्याला नोकरीला लागली, की पहिल्यांदा हेच रूप टाकतात. रात्री घरून फोन आला, की मात्र तोंडून निघून जातं, ‘जेवून राहिलो, आई.’ शेजारच्या खोलीसोबत्याला वाटतं, याचं जेवण आटोपलं. आई मात्र ‘बरं, जेव मग’ म्हणून फोन ठेवते.