पाचही बोटे सारखी नसतात

भांडवल जमते, गिऱ्हाईक मिळते, मालही चांगला होतो. तरीही कित्येक छोटे व्यवसाय दोन-तीन वर्षांत बसतात, कारण हाताखालच्या चार माणसांचे एकमेकांशी आणि मालकिणीशी पटत नाही. ही माणसे सांभाळायची कशी?

1996 च्या दिवाळीत माझ्या फराळाच्या व्यवसायाला तिसरे वर्ष लागले होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन शेगड्या, मोठ्या पराती आणि कामाला पाच जणी. त्यांतल्या मावशी वयाने सर्वांत मोठ्या. चकल्या त्या तळायच्या, त्याही मंद आचेवर, तेलातले बुडबुडे शमेपर्यंत थांबून. शेजारच्या शेगडीवर तिशीतली ताई तेवढ्या वेळात दोन घाणे काढायची. धनत्रयोदशीला चार दिवस उरले होते आणि ऑर्डरी तुंबल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘मावशी, जरा हात उचला. तुमच्या एका घाण्यात तिचे दोन होतात.’’

मावशी काही बोलल्या नाहीत. तो घाणा त्यांनी नीट संपवला, झारा धुऊन ठेवला, पदराला हात पुसले आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

तळणीचे सगळे काम ताईने अंगावर घेतले. मोठ्या आचेवर चकल्या बाहेरून झटपट लाल झाल्या, पण आत ओलसरच राहिल्या आणि रात्रीतून मऊ पडल्या. एका कचेरीची 40 किलोंची ऑर्डर परत आली. भाजणी, तेल, मजुरी, सारे पाण्यात गेले. ताई रडवेली होऊन म्हणाली, ‘‘घाई करा असं तुम्हीच सांगितलंत ना?’’

तिचे खरे होते. मावशींचा संथपणा हा दोष नव्हता आणि ताईची चपळाई हाही नव्हता. दोघींना एकाच मापाने मोजणारी मी चुकले होते.

संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला आणि मग शांतपणे म्हणाल्या, ‘‘हात उचलीन हो मी, पण चकली तयार नसेल तर ती कशी उचलायची? आणि आत बोलावून सांगितलं असतंत, तर ऐकलं असतं. चार जणींत बोललात, ते लागलं.’’

मी चार जणींत बोलले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी माफीही चार जणींतच मागितली. ती दिवाळी तोट्यात गेली. पण पुढच्या सगळ्या दिवाळ्या सावरल्या, त्या याच धड्यामुळे.

स्वभाव पाहून काम द्या

आपण बहुधा काम आधी ठरवतो आणि समोर दिसेल त्या माणसाला त्याला जुंपतो. त्याऐवजी आठ दिवस नुसते निरीक्षण करा. कोण न सांगता कामाला लागते? कोणाला एकदा करून दाखवावे लागते? कोण गर्दीत खुलते आणि कोण बावरते?

आमच्याकडे एकीचे तोंड दिवसभर चालू असायचे. इतर वैतागायच्या. तिला मी गिऱ्हाइकांशी बोलण्याचे आणि ऑर्डरी घेण्याचे काम दिले. तिचा बडबडा स्वभाव तिथे गुण ठरला. दुसरी अगदी अबोल. ती वजन करून पिशव्या भरू लागली, तेव्हा वजनातली दहा ग्रॅमची तफावतही तिच्या नजरेतून सुटेना. मात्र अबोल माणूस आपणहून तक्रार सांगत नाही. काम संपल्यावर तिला एकटीला गाठून ‘‘आज काही अडलं का?’’ असे विचारावे लागते. डबे बसवणारा खिळा सैल झाल्याचे किंवा तराजू बिघडल्याचे अशाच वेळी कळते.

नियम एक, वागणूक निराळी

मजुरी, सुट्टी, उचल आणि कामाची वेळ यांचे नियम सर्वांना एकच हवेत. एकीला गुपचूप उचल दिली, की दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना कळतेच. भाजणीचे प्रमाण, तळण्याची आच, पाकिटाचे वजन हे आम्ही भिंतीवर लिहून लावले. त्यामुळे ‘मला असे सांगितले नव्हते’ ही तक्रार संपली.

पण बोलण्याची रीत मात्र प्रत्येकीसाठी वेगळी ठेवावी लागते. कोणाला स्पष्ट शब्दांत सांगितलेले चालते, तर कोणाचे मन एका शब्दाने दिवसभर खट्टू होते. एक पथ्य कायम पाळा : कौतुक सर्वांसमोर करा, चूक एकांतात दाखवा.

घरचे माणूस कामात असेल, तर जास्तच जपावे लागते. जाऊ किंवा नणंद उशिरा आली तर चालते आणि बाहेरची बाई उशिरा आली तर मजुरी कापली जाते, असे झाले की तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही.

भांडण दाबू नका, सोडवा

मावशी परतल्या, पण ताईशी बोलेनात. मी दोघींना एकाच कामात जोडले. ताईने सोऱ्याने चकल्या पाडायच्या आणि मावशींनी तळायच्या. पहिले दोन दिवस उलटेच झाले. ताई भराभर पाडायची, मावशींचा घाणा निघेपर्यंत कागदावरच्या चकल्या सुकायच्या आणि उचलताना तुटायच्या. पुन्हा कुरबूर सुरू झाली. मग ताईनेच तोड सुचवली. एका घाण्यापुरत्याच चकल्या पाडायच्या आणि मधल्या वेळात करंज्या भरायच्या. चकल्या तुटणे थांबले, ताईचे हातही रिकामे राहिले नाहीत.

यातून मला कळले, की भांडणात बहुतेक वेळा कामातलीच एखादी अडचण लपलेली असते. आधी दोघींचे वेगवेगळे ऐकून घ्या, मग एकत्र बसवा. ‘चूक कोणाची’ हे विचारण्याऐवजी ‘अडते कुठे’ हे विचारा. तोडगा त्यांच्याच तोंडून आला, तर तो टिकतो.

अर्थात, स्वभाव सांभाळायचा म्हणजे सगळेच खपवून घ्यायचे असे नाही. संथ माणूस चालेल, चिडका चालेल, पण मापात पाप करणारा चालणार नाही. तिथे वेळीच निरोप द्यावा.

मोठ्यांचा कित्ता

लिज्जत पापडाची सुरुवात 15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी केली. 80 रुपये उसने घेतले होते आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पुढे हजारो बहिणी त्यात आल्या. या सगळ्यांचा हात सारखा कसा असेल? तरीही पापडाची चव एक राहिली, कारण पीठ केंद्रावरच मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन आपल्या सवडीने पापड लाटतात आणि परत आणून दिल्यावर ते तपासून घेतले जातात. वेग जिचा तिचा, पण पीठ आणि पारख सर्वांना एकच.

1890 पासून चालत आलेल्या मुंबईच्या डबेवाल्यांचेही तसेच आहे. त्यांच्या छोट्या छोट्या टोळ्या असतात आणि प्रत्येक टोळीला एक मुकादम. तो बाहेरून आणलेला साहेब नसतो. वर्षानुवर्षे डबे वाहिलेलाच असतो. म्हणून त्याचा शब्द मानला जातो. तुम्हीही आठवड्यातून एखादा दिवस शेगडीसमोर बसा. कोणाचे काम किती कष्टाचे आहे, हे तेव्हाच उमगते.

मावशींनी आणखी आठ वर्षे आमच्याकडे काम केले. 2004 मध्ये गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा त्यांनी झारा ताईच्या हाती दिला. त्या दिवाळीत एक नवी मुलगी ताईला म्हणाली, ‘‘आच जरा वाढवू का? लवकर होईल.’’

ताई म्हणाली, ‘‘राहू दे. बुडबुडे शमू देत.’’