राखलेला बार

शिकारीच्या गप्पा ऐकाव्यात तर त्या साऱ्या उडालेल्या बारांच्या. अमक्याने एका गोळीत वाघ कसा लोळवला, तमक्याने एका काडतुसात चार बदके कशी उतरवली! न उडवलेल्या बाराची गोष्ट कुणी सांगत नाही. सांगणार तरी काय? माणूस बसला, पाखरू आले, पाखरू गेले, माणूस उठून घरी आला. पण ज्याच्या हातात बंदूक मुरली आहे, त्याची खरी पारख तिथेच होत असे. ‘असे’ म्हणायचे, कारण १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले आणि बंदुकीची शिकार आपल्याकडे गोष्टींपुरती उरली.

या गोष्टी बोलायला नवेगाव बांधासारखी जागा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने हा तलाव बांधला. भोवतीच्या टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. बांध पुरा करायला या बहिणींनी हात दिला अशी श्रद्धा आहे. कोलू पाटीलही पुढे ‘कोलासूर’ या नावाने देव होऊन बसला. तळी बांधणाऱ्याला देव करणारा हा मुलूख! पाण्याचा पसारा साधारण ११ चौरस किलोमीटर. थंडी पडली की तलवार बदके, लालसरी, चक्रवाक उत्तरेकडून उतरतात. अडई तर इथलीच.

आता अशा पाण्याकाठी, लव्हाळ्यात, पहाटेच्या धुक्यात बारा बोअरची दुनळी घेऊन बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. समोर शंभर पाखरे तरंगत आहेत. नवख्याचे बोट चापावर शिवशिवते. जुना शिकारी मात्र मनात अंतर मोजतो. छर्रे नळीतून निघताना मुठीत मावतील एवढे एकत्र असतात. पुढे ते पांगत जातात. चाळीस यार्डांपर्यंत त्या पांगण्यात पाखरू नीट सापडते. त्यापलीकडे छर्ऱ्याछर्ऱ्यांत एवढी फट पडते की पाखरू मरत नाही, जायबंदी मात्र होते. एखादा छर्रा पोटात घेऊन ते दूर लव्हाळ्यात शिरते आणि दोन दिवसांनी मरते. शिकाऱ्याच्या झोळीत काही नाही, तळ्यावरचे एक पाखरू मात्र कमी.

उडत्या बदकाचा हिशेब आणखी बिकट. ताशी साठ किलोमीटरने आडवे जाणारे बदक चाळीस यार्डांवर असेल, तर छर्रे तिथे पोहोचेपर्यंत ते सात-आठ फूट पुढे गेलेले असते. म्हणून नेम पाखरावर नाही, त्याच्या पुढच्या मोकळ्या आभाळावर धरायचा. तो हिशेब डोक्यात जुळला नाही, तर बंदूक खाली. थव्यात कुठेतरी लागेलच म्हणून बार टाकणाऱ्याला जाणते शिकारी खाटीकसुद्धा म्हणत नसत. खाटकाला निदान आपले काम येते.

पाण्यावर बसलेल्या पाखरावर बार टाकू नये, असा एक संकेत होता. पुष्कळांना तो साहेबी नखरा वाटतो, पण त्यात व्यवहारही आहे. पाण्याला तिरके लागलेले छर्रे बुडत नाहीत. पोरांनी फेकलेल्या खापरीसारखे टप्पे घेत पुढे जातात. आणि पुढे कोण असते? पहाटे जाळे काढायला निघालेला ढिवर, आपल्या डोंग्यात. धुक्यात तो दिसतही नाही. मागे काय आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याने चाप ओढू नये, हा बंदुकीच्या विद्येतला पहिला धडा आहे.

अमेरिकेत हाच धडा टर्कीच्या शिकारीत गिरवतात. टर्की म्हणजे आपल्या मोराचा आणि रानकोंबड्याचा दूरचा भाऊबंद. वसंतात तिथला शिकारी मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. गंमत अशी, की तो आवाज ऐकून कधी कधी नराऐवजी दुसरा शिकारीच दबकत येतो! नराचे डोके लाल, पांढरे, निळे. म्हणून त्या रंगांचा रुमालसुद्धा गळ्यात घालू नये असे तिथे बजावतात. झुडपात लाल काही हलले म्हणून बार टाकायचा नाही. छातीवरची दाढी दिसली, पूर्ण पाखरू ओळखू आले, मान सरळ झाली, मग विचार.

राखण्याची सवयच मोडली की काय होते, ते भरतपूरच्या पाण्याने पाहिले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारपार्टीने तिथे एका दिवसात ४,२७३ पाखरे पाडली. त्या आकड्याचे कौतुक झाले, दगडावर कोरूनही ठेवला. इथे नेम कुठला आणि पारख कुठली?

सारसाची गोष्ट मात्र वेगळी. एवढा उंच, एवढा सोपा पक्षी; कुठल्याही बंदुकीच्या टप्प्यात यावा असा. पण जोडीतला एक मारला तर दुसरा झुरून मरतो, अशी लोकांची समजूत, आणि त्या समजुतीने पुष्कळांचे हात आवरले. वाल्मीकींच्या क्रौंचवधाची कथा घराघरांत ठाऊक असलेल्या देशात ते नवल नव्हे. तो क्रौंच म्हणजे सारसच असे मानणारे अभ्यासकही आहेत. आज महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः याच गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात, आणि तेही बोटांवर मोजावेत इतके.

वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली या रानात राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून गेले. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले.

राखलेल्या बाराची एक गोष्ट मात्र जगभर सांगितली गेली, ती कुमाऊंची. चौगडच्या नरभक्षक वाघिणीने चौसष्ट माणसे मारली होती. ११ एप्रिल १९३० रोजी जिम कॉर्बेट तिच्या मागावर असताना वाटेत त्यांना रातव्याची दोन अंडी दिसली. रातवा आपल्या नवेगावच्या रानातही अशीच उघड्या जमिनीवर अंडी घालतो. अंडी आगळ्या आकाराची म्हणून कॉर्बेटनी ती डाव्या हातात घेतली आणि मोठ्या खडकाला वळसा घालून पुढे आले, तो आठ फुटांवर वाघीण! बंदूक उजव्या हातात, नळी भलतीकडेच. दोन्ही हात मोकळे असते तर कुणीही गर्रकन वळून बार टाकला असता आणि वाघिणीने त्याआधीच झेप घेतली असती. अंडी फुटू नयेत म्हणून डावा हात हलवता येईना. तिच्या नजरेत नजर ठेवून ते एका हाताने नळी इंच इंच फिरवत राहिले. नळी तिच्यावर आली तेव्हाच चाप ओढला.

मग ते मागे फिरले आणि अंडी होती तिथे ठेवून आले. अर्ध्या तासाने त्याच वाटेने जाताना पाहिले, तो रातवी त्यांच्यावर उबवायला बसली होती.