वेतन वाढते, पण पदरात काय पडते?

छत्रपती संभाजीनगराहून जालना रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे प्रथम चिकलठाण्याचे कारखाने, मग शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आणि तिच्या पलीकडे करमाड लागते. आमच्या लहानपणी आगगाडीचे लहानसे स्थानक आणि भोवतालचे ज्वारी-कापसाचे शिवार एवढीच ह्या गावाची ओळख होती. आज त्या शिवाराला लागून ‘ऑरिक’ नावाची औद्योगिक नगरी वसत आहे. तिच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. समृद्धी महामार्गही गावाजवळूनच जातो. ह्या भूमीवर लक्ष्मीची पावले उमटत आहेत, हे कोणीही कबूल करील. ती कोणाच्या उंबरठ्यापर्यंत येतात, हा मात्र निराळा प्रश्न होय.

गेल्या दिवाळीस आमचा एक जुना विद्यार्थी नमस्कारास आला होता. आयटीआयची परीक्षा देऊन तो आठ वर्षांपूर्वी ठेकेदारामार्फत एका कारखान्यात लागला. तेव्हा त्याच्या हाती महिन्यास नऊ हजार रुपये पडत, आज तेरा हजार पडतात. तो म्हणाला, “गुरुजी, आई विचारते, पगार चार हजारांनी वाढला, मग वीस तारखेस डबे रिकामे का होतात? तिला काय सांगू?” मुलगा निर्व्यसनी व हिशेबी आहे. त्यामुळे त्याच्या आईचा प्रश्न आम्हांस टाळता आला नाही, आणि त्याचे उत्तर आमच्या वाचकांच्या घरीही विचारात घेतले जावे असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

प्रथम हिशेब पाहू. नवांचे तेरा झाले म्हणजे शेकडा चव्वेचाळीस वाढ झाली. परंतु ह्याच आठ वर्षांत जिनसांचे भावही सरासरीने जवळजवळ तेवढेच चढले. वेतन रुपयांत मोजले तर वाढलेले दिसते. तेच धान्य, तेल, घरभाडे व मुलांची फी ह्यांत मोजले तर जेथल्या तेथे राहिले. अर्थशास्त्रज्ञ ह्या दुसऱ्या मापास वास्तव वेतन म्हणतात. आपल्या आज्या-पणज्या सालगड्याची मजुरी पायलीने मोजीत, त्यांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नसती.

आमच्या विद्यार्थ्याची ही स्थिती एकट्याची नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या एका संशोधन संस्थेसह २०२४ साली भारतातील रोजगाराविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०१२ ते २०२२ ह्या दहा वर्षांत नियमित पगारदारांचे वास्तव वेतन दरसाल सुमारे १ टक्क्याने घटल्याचे दाखविले आहे. रोजंदारीवरील मजुरांचे वास्तव वेतन मात्र दरसाल सुमारे २.४ टक्क्यांनी वाढले. त्यांची मजुरी मुळातच फार थोडी असल्यामुळे ह्या वाढीचा उत्सव करण्याचे कारण नाही. तथापि ती नोंदविणे प्रामाणिकपणाचे आहे. दुसऱ्या बाजूस, भारत सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत मोठ्या कंपन्यांचा नफा २०२३-२४ साली २२.३ टक्क्यांनी, आणि त्यांच्याकडील नोकरवर्ग अवघ्या १.५ टक्क्याने वाढल्याचे नमूद आहे. म्हणजे धन निर्माण होत नाही असे नव्हे. ते वाटपाच्या पंक्तीत कोठेतरी अडते.

येथे कोणी म्हणेल की, गुरुजी, भांडवलशाहीस दूषणे देणे सोपे आहे. पूर्वीचे दारिद्र्य आपण विसरलात काय? आम्ही ते विसरलेलो नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील भल्या भल्या घरांनी परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली आहे. स्वातंत्र्याच्या वेळी ह्या देशात सरासरी आयुर्मान तीस-बत्तीस वर्षांचे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. ह्यात शासनाचा, वैद्यकाचा व शिक्षणाचा वाटा मोठा आहे. पण यंत्रांनी वस्तू स्वस्त केल्या नसत्या तर हे घडते ना. १९८०नंतर वाळूजला दुचाकींचा कारखाना आला, पुढे शेंद्र्यास मोटारींचा आला, आणि अनेक शेतकरी घरांतील मुले पहिल्यांदा महिन्याचा पगार घेऊन घरी आली. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणा होईल.

मग प्रश्न असा की, कारखाना तोच, यंत्र तेच, तरी एका काळी त्याचा लाभ कामगाराच्या घरी पोचतो आणि दुसऱ्या काळी का पोचत नाही? आमच्या मते ह्याचे मर्म एका गोष्टीत आहे. कामगाराच्या अंगी ‘नाही’ म्हणण्याची शक्ती आहे की नाही?

अमेरिकेतील हेन्री फोर्डने ५ जानेवारी १९१४ रोजी मजुरी एकदम दुपटीने वाढवून दिवसास पाच डॉलर केली, ही गोष्ट त्याच्या औदार्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण त्याच्या आदल्या वर्षी सुमारे चौदा हजार कामगार कामावर टिकविण्यासाठी त्यास पन्नास हजारांहून अधिक माणसे नेमावी लागली होती. माणसे काम सोडून जात होती, म्हणून मजुरी वाढली. आपल्याकडे पाहू. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. मालकांस ती आपण होऊन सुचली नव्हती.

ह्याहूनही जवळचे उदाहरण रोजगार हमी योजनेचे आहे. दुष्काळातून जन्मास आलेल्या ह्या योजनेस महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याचे रूप दिले. मागेल त्यास काम मिळू लागले. रस्त्याच्या वा पाझर तलावाच्या कामावर मजुरी मिळते, हे कळल्यावर बांधावरच्या मजुरास अपुऱ्या मजुरीवर राबण्यास नकार देता येऊ लागला. खडी फोडण्याचे ते काम कोणास हवेसे नव्हते. पण ते आहे एवढ्यानेच शेतमालकाशी बोलण्याचा सूर बदलला.

ही शक्ती गेली म्हणजे काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. संघटना होती, त्यागही होता. पण कापड विणण्याचे काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर निघून जाऊ शकत होते, आणि ते गेलेच. कामगाराच्या नकारावाचून मालकाचे अडेनासे झाले, आणि संप विरून गेला.

आजच्या कारखान्यांत ही अवस्था शांतपणे, संपावाचून आली आहे. सरकारी औद्योगिक पाहणीनुसार आता कारखान्यांतील दर पाच कामगारांपैकी सुमारे दोन ठेकेदारामार्फत लागलेले असतात. ह्या शतकाच्या आरंभी हे प्रमाण पाचांत एक असे होते. यंत्र एकच, पाळी एकच, परंतु शेजारी उभ्या असलेल्या कायम कामगाराचे वेतन निराळे. ठेक्यावरील मुलाने जास्त मागितले तर दाराशी दुसरा उभा आहे. ज्याची जमीन गेली त्यास एकदा मोबदला मिळाला. त्याच्या बांधावर राबणाऱ्या भूमिहीनास तोही नाही.

करमाडजवळचा रेल्वेमार्ग ह्याची साक्ष देतो. ८ मे २०२० रोजी पहाटे, टाळेबंदीस चव्वेचाळीस दिवस झाले असता, जालन्याच्या पोलाद उद्योगातील मध्य प्रदेशचे काही मजूर रुळांवरून गावाकडे पायी निघाले होते. सुमारे ३५ किलोमीटर चालून थकल्यावर, गाड्या बंद आहेत अशा समजुतीने ते रुळांवरच निजले. मालगाडीखाली त्यांतील सोळा जण गेले. त्यांच्याजवळच्या पोळ्या रुळांवर विखुरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. पोलाद घडविणाऱ्या हातांची मजुरी थांबताच दीड महिन्यात पायी गाव गाठण्याची पाळी येते, त्या मजुरीस निर्वाह म्हणावे काय?

आमचे शास्त्र ह्या बाबतीत मुके नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात, वेतन आधी ठरले नसेल तर शेतात राबणाऱ्यास पिकाचा व गुराख्यास तुपाचा दहावा भाग द्यावा असे सांगून ठेवले आहे, आणि वेतन न देणाऱ्यास दंड लिहिला आहे. त्या काळची समाजरचना आम्हांस परत आणावयाची नाही. परंतु उत्पन्न वाढले की श्रमणाऱ्याचा भागही आपोआप वाढावा, हे तत्त्व त्यात आहे. दहावा भाग पिकाबरोबर वाढतो. ठेक्याचा पगार तसा वाढत नाही.

म्हणून आमचे मत असे की, भांडवलशाही आजही सामान्यांचे जीवन सुधारू शकते, पण आपण होऊन नव्हे. समान कामास समान वेतन, किमान वेतनाची महागाईनुसार खरी वाढ, आणि गावात पर्यायी काम, ह्या तीन गोष्टींनी ‘नाही’ म्हणण्याची शक्ती परत येते. त्यांनी कारखाने पळून जातील ही भीती अगदी खोटी नाही, गिरण्यांचा इतिहास समोर आहे. म्हणूनच हे नियम एका गावापुरते वा एका राज्यापुरते न राहता सर्वत्र सारखे हवेत.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांच्या बचती कंपन्यांच्या भागांत आहेत आणि नफा वाढला की आपण संतोष पावतो. त्याच घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंना आपण पाच वर्षांपूर्वी काय देत होतो, आणि त्यात तेव्हा किती किलो ज्वारी येई, आज किती येते, हा हिशेब एकदा घरातील वडीलधाऱ्यांनी सुनांसह बसून करावा. भाऊबीजेस साडी देऊन हा हिशेब फिटत नाही. घरातील मुलगा नोकरीस लागत असेल तर पगाराच्या आकड्याआधी नेमणूकपत्र कोणाच्या नावाचे आहे आणि भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा हिस्सा खरोखर भरला जातो की नाही, हे पाहावे.

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही सांगितले, “आईस सांग, उधळपट्टी तुझ्या घरात नाही, पगार वाढलाच नाही, फक्त आकडा वाढला.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे माझे काही चुकले नाही ना, गुरुजी?” आठ वर्षे हा मुलगा ते स्वतःचेच चुकते असे समजत होता, ह्याचे आम्हांस सर्वांत अधिक वाईट वाटले.