मोटारीच्या पोटातली साखळी

2006 सालची गोष्ट. आमच्या पुतणीला बाळंतपणासाठी तालुक्याला न्यायचे होते. रात्रीची वेळ. गावातल्या एका तरुणाची जुनी अ‍ॅम्बॅसॅडर भाड्याने केली. निम्म्या घाटात गाडी बंद पडली. हँडल मारले. इंजिन फिरे, पण सुरू होईना. दोन तासांनी दुधाचा ट्रक आला. त्यात बसून दवाखाना गाठला. आई आणि बाळ सुखरूप राहिली. पण ते दोन तास आम्ही अजून विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने इंजिन उघडले. आतली साखळी तुटली होती. गाडीवाला म्हणाला, "गुरुजी, दोन महिने पुढून खळखळ वाजत होतं. गाडी चालत होती, म्हणून सोडून दिलं." आवाज आम्हीही ऐकला होता. आम्हीही गप्प बसलो होतो.

ही साखळी काय करते, ते आज पाहू.

इंजिनात दोन दांडे असतात. खालचा जाड दांडा म्हणजे क्रँक. पिस्टन त्याला फिरवतात आणि त्याच्या जोरावर गाडी चालते. दुसरा दांडा म्हणजे कॅम. तो व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह म्हणजे छोटी दारेच. एका दाराने पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्याने धूर बाहेर जातो. ही दारे वेळेवर उघडली आणि मिटली पाहिजेत. या गाडीत प्लगला ठिणगी देणारा डिस्ट्रिब्यूटरही कॅमच्याच जोरावर फिरतो.

दोन्ही दांड्यांच्या टोकाला दातेरी चाके असतात. त्यांवर सायकलसारखी साखळी असते. क्रँकचे दोन फेरे झाले, की कॅमचा एक फेरा होतो. म्हणून कॅमच्या चाकाला दुप्पट दाते असतात.

साखळी सैल का होते? लोक म्हणतात, ती ताणली जाते. खरे तर लोखंड ताणत नाही. साखळीचे सांधे झिजतात. एक सांधा केसभर झिजला, तर कळतही नाही. पण सगळे सांधे झिजले, की साखळी लांब होते. मग कॅम मागे पडतो. दारे उशिरा उघडतात, ठिणगीही उशिरा पडते. गाडी चढावर दमते, पेट्रोल जास्त खाते.

पुढून खळखळ ऐकू आली, तर आधी पंख्याचा पट्टा काढावा. इंजिन मिनिटभर चालवून पाहावे. आवाज थांबला, तर दोष पट्ट्यावर चालणाऱ्या भागांत आहे. तसाच राहिला, तर साखळीचा संशय घ्यावा.

साखळी बदलताना पहिल्याने बॅटरीची तार सोडावी. पाणी काढून रेडिएटर उतरवावा. ज्या नटात हँडल अडकते, तो सोडावा. मागची पुली ओढून काढावी. मग पुढचे झाकण निघते. आत साखळी दिसते.

आता घाई करू नये. दोन्ही चाकांवर एकेक बारीक खूण असते. प्लग काढावे. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकलावी. म्हणजे इंजिन फिरते. दोन्ही खुणा समोरासमोर आल्या, की थांबावे. मग कॅमचा नट काढून दोन्ही चाके साखळीसह बरोबरच बाहेर ओढावी. क्रँकच्या चाकामागे पातळ वॉशर असतात. ते हरवू नयेत.

जुनी साखळी आडवी धरून पाहावी. झिजलेली साखळी धनुष्यासारखी वाकते. नवी जवळजवळ सरळ राहते. चाकांचे दाते टोकदार झाले असतील, तर चाकेही बदलावी. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी टिकत नाही.

नवी साखळी चाकांवर चढवावी आणि खुणा समोरासमोर ठेवूनच बसवावी. एक दाता चुकला, तर सारी मेहनत वाया जाते. म्हणून झाकण लावण्याआधी इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या, तर काम बरोबर झाले. मग नवे गॅसकेट आणि नवे ऑइल सील घालून झाकण लावावे.

अ‍ॅम्बॅसॅडरचा उत्तरपाड्याचा कारखाना 2014 साली बंद झाला. तरी काही जुन्या गाड्या अजून चालतात. ज्याला हे काम येत नाही, त्याने जाणत्या मिस्त्रीकडे जावे. पण खुणा आपण स्वतः पाहाव्या. त्याला लाजू नये.

आमच्या त्या गाडीवाल्याने नवी साखळी बसवली. पुढे गाडीत जरा वेगळा आवाज आला, की तो त्याच दिवशी गाडी उभी करून पाही. बैल लंगडला, तर आपण त्याला घाटात जुंपत नाही. मोटारीचेही तसेच आहे. तिच्यात बसणारी माणसे आपलीच असतात.