परकी पुडी, परका कायदा

२०१९ सालच्या जुलै महिन्यात मुंबईचे एक तरुण दांपत्य कतारची राजधानी दोहा येथे सहलीस निघाले. पत्नी गरोदर होती. सहलीचा खर्च नात्यातील एका वडीलधाऱ्या बाईने भेट म्हणून उचलला होता, आणि निघताना तेथील कोणा परिचितासाठी म्हणून एक पुडके त्यांच्या हाती ठेवले होते. आत जर्दा आहे, असे सांगण्यात आले. दोह्याच्या विमानतळावर ते पुडके उघडले गेले, तेव्हा त्यातून चार किलोहून अधिक चरस निघाला. तेथील न्यायालयाने दोघांनाही दहा-दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. मुलगी जन्मास आली ती तुरुंगात. इकडे आप्तांनी उंबरे झिजवले, केंद्र सरकारच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास केला, या दोघांना फसवून हा माल धाडला गेला असे पुरावे पुढे आले, ते कतारपर्यंत पोहोचवण्यात आले, आणि २०२१ च्या मार्चअखेर फेरसुनावणीत दोघेही निर्दोष ठरली. एप्रिलमध्ये तान्ह्या मुलीला घेऊन ती मुंबईस परतली.

त्या वेळी वृत्तपत्रांनी ही हकिकत सुखान्त म्हणून छापली. आम्हांस ती तशी वाटली नाही, आजही वाटत नाही. एका पुडक्याची किंमत म्हणून जवळजवळ एकवीस महिने दोन निरपराध माणसांनी परक्या तुरुंगात काढले. आणि ज्यांच्या मागे असे चिवट आप्त नाहीत, ज्यांच्यासाठी येथे कोणी तपास केला नाही, अशांचे काय झाले असेल याचा विचार मनात आला की त्या सुखान्ताची गोडी उरत नाही. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्याच एका अभिनेत्रीला शारजा येथे अटक झाली. काम मिळण्याच्या आशेने ती गेली होती. जाताना सोबत दिलेल्या स्मृतिचिन्हाच्या पोकळीत अमली पदार्थ दडवलेला निघाला. मुंबई पोलिसांनी इकडे कटाचा माग काढला, माणसे पकडली, तेव्हा काही आठवड्यांनी तिचा तुरुंगवास संपला; तरी मायदेशी परतण्यास तिला आणखी काही महिने लागले. पुडके आणि स्मृतिचिन्ह यांत फरक तो काय? दोन्ही दुसऱ्याने दिलेली, दोन्ही विश्वासाने घेतलेली.

आता कोणी म्हणेल, की ज्याला वस्तूत काय आहे हे ठाऊकच नव्हते, त्याला गुन्हेगार कसे म्हणावे? प्रश्न रास्त आहे. परंतु अमली पदार्थांविषयीचे बहुतेक देशांतील कायदे हा प्रश्न उलट्या बाजूने विचारतात. सिंगापूरचा १९७३ चा कायदा घ्या. ज्याच्या ताब्यात पदार्थ सापडला, त्याला त्याचे स्वरूप माहीत होते असे तो कायदा गृहीत धरतो. एवढेच नव्हे, तर ज्या पेटीत तो सापडला त्या पेटीची किल्ली ज्याच्या खिशात, त्याच्याच ताब्यात तो पदार्थ होता असेही गृहीत धरतो. ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. १९७५ पासून तेथे ठराविक प्रमाणापलीकडच्या व्यापारासाठी फाशी आहे. ते प्रमाण किती, हे वाचकांनी लक्षपूर्वक वाचावे: शुद्ध हेरॉइन पंधरा ग्रॅमहून अधिक, कोकेन तीस ग्रॅमहून अधिक, गांजा पाचशे ग्रॅमहून अधिक. पंधरा ग्रॅम म्हणजे आजच्या सराफी हिशेबाने दीड तोळा. लेकीच्या लग्नात गळ्यात घालावयाच्या साखळीइतके वजन. २०२२ च्या एप्रिलमध्ये सुमारे बेचाळीस ग्रॅम हेरॉइनसाठी मलेशियाच्या एका भारतीय वंशाच्या तरुणाला तेथे फाशी देण्यात आली. त्याची बौद्धिक क्षमता सर्वसामान्यांहून बरीच कमी असल्याचा वैद्यकीय पुरावा होता, जगभरातून दयेच्या विनंत्या झाल्या. कायदा जागचा हलला नाही.

आणि आमच्याकडील सहली कशा निघतात? सिंगापूर, मलेशिया, थायलंड अशी एकच त्रिस्थळी यात्रा, सात-आठ दिवसांची. पूर्वी काशी-प्रयाग-गया करीत, आता ही करतात. त्यात गैर काहीच नाही. पण या तीन स्थळी तीन निरनिराळे कायदे आहेत, हे त्या रंगीत पत्रकात कोठेही छापलेले नसते. थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. बँकॉकच्या रस्त्यांवर त्याची दुकाने चहाच्या दुकानांसारखी थाटली गेली, त्याची बिस्किटे आणि गोळ्या काचेच्या बरण्यांतून मांडल्या गेल्या. पुढे २०२५ च्या जूनमध्ये तेथील सरकारने वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई केली. मलेशियाने २०२३ मध्ये फाशीची सक्ती काढून ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवली, पण फाशी मुळातून काढली नाही. सिंगापुरात सक्ती अजून बरीचशी कायम आहे. म्हणजे सोमवारी ज्या बरणीकडे आमचा तरुण कुतूहलाने पाहतो, तिच्यातील एक पुडी खिशात विसरून गुरुवारी तो ज्या विमानतळावर उतरतो, तेथे त्याच पुडीचे नाव गुन्हा असे असते. सिंगापूरच्या आगमनपत्रावर पूर्वी लाल अक्षरांत मृत्युदंडाची ताकीद छापलेली असे; कागदी पत्र गेले, नोंदणी यंत्रावर आली. त्या लाल अक्षरांचा धाक निदान डोळ्यांसमोर तरी असे.

परत येतानाही सुटका नाही. मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानातून उंची प्रतीचा गांजा जप्त झाल्याच्या बातम्या गेली दोन-तीन वर्षे आम्ही सतत छापीत आहो. पकडल्या गेलेल्यांत फुकट सहलीच्या आमिषाने गेलेली साधी माणसेही असतात. आपल्या १९८५ च्या कायद्यानुसार वीस किलो गांजा ही व्यापारी मात्रा. तीत निदान दहा वर्षे कारावास आणि लाख रुपये दंड. फुकट सहल इतकी महाग पडते.

परंतु आमचा खरा रोख या आमिषाला भुलणाऱ्यांवर नाही. तो आहे तुमच्या-आमच्या घरांवर. आपल्या समाजात कोणी परदेशी निघाला, की त्याच्या दाराशी पुडक्यांची रांग लागते. ‘एवढं आमच्या बाळ्याला द्या हो, काही जड नाही.’ एवढे म्हणजे मेतकूट, गोडा मसाला, सांडगे, एखादे बंद खोके आणि त्यावर कोणाचा तरी दूरध्वनी क्रमांक. नाही म्हणणे म्हणजे माणुसकी सोडणे, असा आपला समज. आणि पूर्वी, बोटीने किंवा एस. टी.ने जाणाऱ्याच्या हाती लोणच्याची बरणी देण्यात माणुसकीच होती. आम्ही शिक्षक होतो त्या काळी रत्नागिरीकडचे आमचे विद्यार्थी शाळा संपताच आखातात जाऊ लागले होते. गावातून एक मुलगा निघाला, की साऱ्या वाडीची पुडकी त्याच्या पेटीत जात. कोणी उघडून पाहत नसे. उघडून पाहणे हा देणाऱ्याचा अपमान. हाच संकोच आज चोरट्या व्यापाऱ्याचे सर्वांत स्वस्त साधन झाला आहे. त्याला पिस्तूल लागत नाही, लाच लागत नाही. एक ओळखीचे तोंड आणि एक गोड विनंती पुरते.

विनंती करणाराही पुष्कळदा निष्पाप असतो, आणि वस्तूही निष्पाप असते, तरी धोका टळत नाही. खसखशीचेच पाहा. संयुक्त अरब अमिरातींत व सौदी अरबस्तानात खसखस नेण्यास मनाई आहे. सिंगापुरातही ती वर्ज्य मालात मोडते. कारण उघड आहे, ती अफूच्या बोंडातील. आता अनारसा खसखशीवाचून कोठे होतो? मागे एका दिवाळीत आमच्याच घरातून दुबईच्या भाच्यासाठी अनारशांचा डबा भरला गेला. निघण्याच्या आदल्या रात्री एका परिचित प्रवाशाने सहज विचारले, ‘खसखस लावली आहे का?’ तेव्हा डबा उघडला गेला. अनारसे घरीच खाल्ले, आणि भाच्याकडे बेसनाचे लाडू गेले. गृहिणीला ठाऊक नव्हते, हे तर खरेच. पण चाळीस वर्षे पेशाने वाचन-लेखन करणाऱ्या आम्हांसही ठाऊक नव्हते, हे लिहिताना लाज वाटते.

औषधांची गोष्ट याहून नाजूक. आमच्या पेन्शनरांच्या पिशवीत झोपेची गोळी, गुडघ्यांची गोळी आणि खोकल्याचे पातळ औषध ही असायचीच. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल, चिंता-निद्रानाशावरच्या गोळ्यांत अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम. अमिरातींत ही नेण्यापूर्वी तेथील सरकारची अनुमती घ्यावी लागते. जपानात सर्दीच्या ज्या औषधांत स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक, ती नेता येत नाहीत. अँफेटामिनची औषधे तर डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नाहीत. २०१७ मध्ये एक इंग्रज बाई जोडीदाराच्या पाठदुखीसाठी म्हणून ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या घेऊन इजिप्तला गेली. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. ट्रॅमाडॉल आपल्याकडेही २०१८ च्या एप्रिलपासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे, पण गल्लीतल्या औषधाच्या दुकानात ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितली जाते काय?

पकडले गेल्यावर पुष्कळांची भाबडी समजूत अशी, की आपला दूतावास येऊन सोडवून नेईल. दूतावास तसे करू शकत नाही. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील छत्तिसाव्या कलमाने अटक झालेल्या परदेशी माणसास आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क दिला आहे. वकिलातीचा अधिकारी त्यास भेटू शकतो, वकील मिळवून देऊ शकतो, घरच्यांना कळवू शकतो. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात २०१९ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने याच कलमाच्या भंगाबद्दल पाकिस्तानला दोषी ठरवले, हे महाराष्ट्रास सांगावयास नको. पण हक्क आहे हेच ज्याला माहीत नाही, तो मागणार काय? भाषा न येणाऱ्या माणसाने परक्या लिपीतील जबाबाखाली सही केली, की निम्मा खटला तेथेच संपतो.

हे कायदे न्याय्य आहेत काय? आमचे मत स्पष्ट आहे. मोठे व्यापारी सुरक्षित राहतात आणि हमाली करणारा, बहुधा दरिद्री, पुष्कळदा अजाण, असा माणूस फासावर जातो, त्या व्यवस्थेला आम्ही न्याय म्हणू शकत नाही. परंतु हे बोलताना आपल्या घराकडे पाहणे प्राप्त आहे. आमच्या १९८५ च्या कायद्यातही आरोपीची गुन्हेगारी मनोवृत्ती गृहीत धरणारे कलम आहे. १९८९ च्या दुरुस्तीने त्यात पुन्हा गुन्हा करणाऱ्यास काही प्रसंगी सक्तीची फाशी घातली गेली होती. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली, ही या शहराला भूषणावह गोष्ट. याच कायद्यात गांजाचे बोंड गुन्हा आणि भांगेचे पान मोकळे. काशीत सरकारी परवान्याच्या दुकानातून भांग घेतलेला परदेशी तरुण गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर चरसासह पकडला जातो, तेव्हा त्या दोन्ही वस्तू एकाच झाडाच्या असून कायद्याच्या दोन टोकांना का, हे त्याला कोण समजावणार? म्हापशाच्या न्यायालयात उभा असलेला तो तरुण आणि दोह्याच्या न्यायालयात उभे असलेले ते मुंबईचे जोडपे यांच्या चेहऱ्यांवरचा गोंधळ एकच असला पाहिजे.

दुसऱ्या देशांचे कायदे बदलणे आपल्या हाती नाही. जे हाती आहे, त्यातले काय झाले? सहल कंपन्या प्रवाशाला टोपी देतात, पिशवी देतात, जेवणात बटाट्याची भाजी मिळेल की नाही हेही कळवतात. देशोदेशी कोणती औषधे व कोणते पदार्थ वर्ज्य, याचा मराठीतील एक कागद देणे त्यांना अवघड नाही. पारपत्र कार्यालयाने पारपत्रासोबत तसाच कागद द्यावा. प्रवाशाने आपले औषध मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह न्यावे आणि दुसऱ्याचे बंद खोके घेऊ नये. घ्यावयाचेच असेल तर देणाऱ्यासमोर उघडावे. आणि सरकारने एक गोष्ट ठरवून टाकावी: परदेशात अमली पदार्थांच्या आरोपाखाली पकडल्या गेलेल्या प्रत्येक नागरिकाचे आप्त ‘फसवले गेले’ अशी तक्रार घेऊन आले, तर येथील तपास आपोआप सुरू झाला पाहिजे. कतारच्या प्रकरणात तो झाला, कारण घरच्यांनी धरणे सोडले नाही. राजापूरच्या किंवा चंदगडच्या बापाला दिल्लीची वाट कोण दाखवणार?

सहल कंपन्यांपैकी जी कोणी असा मराठी कागद तयार करील, तिने त्याची एक प्रत आमच्या कार्यालयाकडे पाठवावी. तपासून, ती याच पानावर आम्ही विनामूल्य छापू.